दंडाची पावती

यॅकिमाच्या खोऱ्यात, कॉलेजच्या तळमजल्यावर
झेरॉक्स मशीनशेजारची खोली माझी.
दारावर पाटी नाही. मुद्दामच नाही.
यायचं असतं त्यांच्या कानात ती कुणीतरी सांगितलेली असते.
आत तीन खुर्च्या, वाडग्यात चिंचेच्या गोळ्या,
आणि एक कपाट, ज्याची किल्ली माझ्या गळ्यात.

अनाही बार्रागान पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली,
"मैत्रिणीसाठी विचारतेय."
सगळ्या मैत्रिणीसाठीच विचारतात.
मीही विचारलं होतं, बावीस वर्षांपूर्वी,
दुसऱ्या गावात, टेबलाच्या अलीकडून.
त्या बाईंनी मैत्रिणीचं नाव विचारलं नव्हतं.

मैत्रिणीला नर्सिंग शिकायचं होतं.
अर्ज नऊ चौकटींपाशी अडला होता,
नऊ आकडे, जे धाकट्या भावाला जन्मतःच मिळाले,
आणि हिला नाहीत, कारण तीन वर्षांची ही
कुणाच्या तरी खांद्यावर झोपेत सीमा ओलांडत होती.
एक बूट हरवला. एवढंच आठवतं.

म्हटलं, ती चौकट रिकामी सोड.
खोटा आकडा घालू नकोस, कधीच.
हा दुसरा अर्ज घे, राज्याचा.
आणि हा तिसरा, एका बागवाल्याच्या विधवेनं मागं ठेवलेल्या पैशांचा,
तिनं एवढंच विचारलंय: पहाटे उठता का?

मग खालच्या आवाजात बाकीचं.
आईनं बाराशे डॉलर दिलेत एकाला,
दुकानावर मोठ्या अक्षरांत नोटरी लिहिलंय,
सहा महिन्यांत काम होईल म्हणाला होता.
चौदा झाले.
बाराशे म्हणजे चेरीच्या पॅकिंगच्या अकरा रात्री.
मी विचारलं नव्हतं. तिनंच सांगितलं.

गुरुवारी वकीलबाई येतात, रुथ हॅलोरन,
डोंगर ओलांडून, बर्फ असला तरी.
आश्वासन देत नाहीत. म्हणूनच मी त्यांना बोलावते.
"दार आज बंद आहे," त्या म्हणाल्या.
"उघडलंच, तर विचारतील, इथेच होतीस कशावरून?
वर्षामागून वर्ष. आतापासून जमव."

पंधरा वर्षं ज्या घरानं
कुणाला दिसू नये म्हणून पडदे ओढून घेतले,
त्यानं आता दिसल्याचा पुरावा आणायचा.

पुढच्या गुरुवारी तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला.
लसीचं कार्ड. दात काढल्याचं बिल.
बालवाडीचा फोटो, एक डोळा मिटलेला.
नववं वर्ष मात्र कोरं.
त्या वर्षी ते गाडीत राहत होते,
आणि गाडीला पत्ता नसतो.

डबा उपडा केला तेव्हा
तळाला चिकटलेला एक चिटोरा सुटला.
सार्वजनिक वाचनालय. देवमाशांवरचं पुस्तक.
एकेचाळीस दिवस उशीर.
दंड चार डॉलर दहा सेंट.
वर तिचं नाव, तारीख, शिक्का.

"यासाठी मार खाल्ला होता मी," ती म्हणाली.
रुथबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
चिटोरा खिडकीच्या उजेडात धरला,
आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.
"लगेच झेरॉक्स काढा," एवढंच. "शाई उडत चाललीय."

आमचं काम म्हणजे कागदी घोडे नाचवणं, लोक म्हणतात.
असेल.
एखादा घोडा कधीतरी कुणाला पाठीवर घेतो,
बहुतेक नाही घेत.

दार अजून बंदच आहे.
अनाही दुसऱ्या वर्षाला आहे. माझा रक्तदाब मोजते,
जास्त आहे म्हणते, मीठ कमी करा म्हणते.
चौदाशे मागणारा एक नवा नोटरी गावात आलाय,
त्याचं नाव मी फळ्यावर लिहून ठेवलंय.

काल एक मुलगा आला, सुंग-मिन.
व्हिसा संपला तेव्हा आठ वर्षांचा होता,
घरच्यांनी सांगितलं सतराव्या वर्षी.
दारातच उभा राहून म्हणाला,
"मित्रासाठी विचारतोय."

मी तोंड उघडायच्या आत
अनाहीनं गोळ्यांचा वाडगा पुढे सरकवला.
"मित्राला सांग," ती म्हणाली,
"वाचनालयातून एखादं जाडसं पुस्तक घरी ने.
आणि परत करायला जरा उशीर कर."